रूबी क्वीनच्या खालचा खुंट

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. ज्यांच्या घरी हापूसची बाग आहे त्यांना खुंट म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. देखण्या फुलांची आणि गोड फळांची झाडे पुष्कळदा स्वतःच्या मुळांवर नीट वाढत नाहीत. मग माळी एखादे दणकट रोप घेतो, त्याचा शेंडा छाटतो आणि त्या जागी नाजूक झाडाची काडी बसवून घट्ट बांधतो. जखम भरून आली की दोघांचे मिळून एक झाड होते. वर असते ते कलम. त्याला नाव असते, त्याचा फोटो निघतो, पाहुणे त्याच्याजवळ थांबतात. खाली असतो तो खुंट. त्याने मुळे पसरायची, पाणी वर पाठवायचे आणि गप्प राहायचे. मला याचे फारसे वाईट वाटत नसे. गप्प राहणे झाडाला जड जात नाही.

मी जास्वंदीच्या कुळातला आहे. थायलंडमधल्या एका रोपवाटिकेत माझ्यासारख्या असंख्य काड्या ओळीने वाळूत खोचलेल्या होत्या. मला मूळ फुटले, थोडी पाने आली आणि लगेच माझा शेंडा छाटला गेला. त्यामुळे मला फूल येते की नाही, आलेच तर कोणत्या रंगाचे, हे मलाच ठाऊक नव्हते. माझ्या डोक्यावर एका तांबड्या जास्वंदीची काडी बसली. पुढे ती फोफावली आणि बोटीने आम्ही दोघे ओमानला, बरकाच्या एका नर्सरीत येऊन पोचलो. तिथे आमच्या कुंडीत एक चकचकीत पट्टी खोचण्यात आली. तिच्यावर ताटलीएवढ्या लाल फुलाचे चित्र होते आणि नाव होते ‘रूबी क्वीन’. ते नाव वरचीचे होते. माझे नाव कोणी लिहिले नाही, आणि तिथे कोणाला माहीत होते असेही मला वाटत नाही.

२०१४ सालच्या हिवाळ्यात जितेश आणि आकांक्षा त्या नर्सरीत आले. जितेश देवगडचा. मस्कतमध्ये तो एका कंपनीत एसी दुरुस्त करायचा आणि अल् घुब्रामध्ये, मुलीच्या शाळेजवळ, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. मुलगी ज्ञानदा तेव्हा पाचवीत होती. आकांक्षाला लाल जास्वंद हवी होती आणि त्यामागे एक कारण होते. जितेशच्या घरचा गणपती गावी भावाकडे बसतो. आखातात नोकरी करणाऱ्याला चतुर्थीला रजा मिळेलच असे नाही; जितेशला तर ती कधीच मिळाली नव्हती. उन्हाळ्यात एसी बिघडतात आणि ओमानचा उन्हाळा सप्टेंबरलाही संपत नाही. शेवटी घरच्यांना विचारून त्यांनी पुढच्या वर्षीपासून मस्कतमध्येच छोटी मूर्ती बसवायचे ठरवले होते. दुर्वा, केवडा, मोदकांचे पीठ, सगळे विकत मिळते. आकांक्षाचे म्हणणे एवढेच होते, की एक तरी फूल घरच्या झाडाचे असावे.

जितेशने कुंडी उचलली, पण तो फुलाकडे पाहत नव्हता. त्याने अंगठा माझ्या अंगावरून फिरवत वर नेला आणि जिथे आम्हा दोघांचा जोड होता तिथे थांबवला.

“कलम बरा बांधलेला आसा,” तो आकांक्षाला म्हणाला. “पण सांगून ठेवतंय, ह्या गाठीखाली एक फुटवो पण ठेवूचो नाय. खुंटान जोर केल्यान की वरचा कलम मेला समज.”

हे त्याला त्याच्या वडिलांनी हापूसच्या बागेत शिकवले होते, आणि ते खोटे नव्हते. खुंटाला मोकळे सोडले तर तो सगळा रस स्वतःच घेतो. आम्ही जात्याच दांडगे असतो, त्याला काय करणार.

फ्लॅटच्या बाल्कनीत माझी सोय चांगली लागली. जितेशने एसीच्या पाण्याची नळी वळवून थेट माझ्या कुंडीत सोडली. मस्कतमध्ये एसी रात्रंदिवस चालतो, त्यामुळे थेंब थेंब पाणी आपोआप मिळत राही. हिवाळ्यात एसी बंद झाला की माझे पाणीही बंद व्हायचे, मग ज्ञानदा शाळेतून आल्यावर तिच्या बाटलीत उरलेले पाणी मला घालायची. पिठासारखी पांढरी कीड लागली तेव्हा आकांक्षाने साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसून काढले. आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, जितेश चहाचा कप कठड्यावर ठेवून माझ्यापाशी बसायचा. माझ्या अंगावर आठवडाभरात कुठे हिरवा ठिपका दिसला की अंगठ्याच्या नखाने खुडून टाकायचा. खुडताना तो गुणगुणत असे. त्याला गावच्या बागेत बसल्यासारखे वाटत असावे. मला काय वाटत असावे, हा प्रश्न कोणालाही पडला नाही आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

रूबी क्वीनची फुले मात्र खरोखर देखणी होती. शेजारची भावना तर मुद्दाम बघायला यायची. भावना आणि तिचा नवरा सतीश नागपूरचे. सतीश इंजिनिअर, भावना एका ऑफिसात हिशेब पाहायची. “आकांक्षाताई, हे फूल आहे की थाळी?” ती म्हणायची, आणि आकांक्षाचा चेहरा खुलायचा. चतुर्थीला अजून अवकाश होता, पण तिने मनात मूर्तीभोवती ती फुले मांडूनही ठेवली होती.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि आकांक्षा ज्ञानदाला घेऊन दोन महिन्यांसाठी देशात गेली. इथल्या बहुतेक घरांत असेच होते. बायका-मुले जातात, पुरुष मागे राहतात आणि गॅलरीतली झाडे त्यांच्या हाती पडतात. जाताना ती बजावून गेली, “अहो, बाकी घराचं काय ते करा. पण जास्वंद सांभाळा. गणपतीला तेवढंच आपलं घरचं आहे.”

आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावर नवा एसी बसला. त्याच्या बाहेरच्या यंत्राचे तोंड नेमके आमच्या कोपऱ्याकडे होते. आधीच मस्कतचा जून, त्यात ती भट्टीची हवा. जितेश दिवसभर लोकांचे एसी उघडून पाहायचा आणि घरी आला की आडवा व्हायचा. त्याच्या ध्यानात आले तोवर रूबी क्वीनची पाने कडांनी करपून गळू लागली होती. त्याने कुंडी ओढून सावलीत नेली. उशीर झाला होता. ती मेली. वरच्या काड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, पण त्यांच्यात आता काही वाहत नव्हते. मी पाणी पाठवीत होतो आणि ते घ्यायला वर कोणी उरले नव्हते.

मित्रांनो, पान म्हणजे झाडाची चूल. पाने नसली की मुळे कितीही मोठी असोत, झाड उपाशी राहते. म्हणून मी माझ्या अंगातून फुटवे काढले. हट्टाने नव्हे, जगण्यासाठी. आणि जितेशने ते खुडले. त्याला वाटत होते, खालचे सगळे बंद केले तर रस वर जाईल आणि रूबी क्वीन पुन्हा फुटेल. पूर्वी तो आठवड्यातून एकदा बसायचा. आता रोज कामावरून आल्यावर बूट काढायच्या आधी माझ्याकडे यायचा. मी फुटायचो, तो खुडायचा. तो ज्या मायेने ते करत होता त्या मायेने मी मरत चाललो होतो. मला त्याचा राग आला का? हो, आला. झाडाच्या रागाचा कोणाला उपद्रव होत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

आकांक्षाचा फोन यायचा.

“जास्वंद कशी आहे?”

“मस्त,” जितेश म्हणायचा. “एकदम टकाटक.”

फोन ठेवला की तो माझ्याकडे बघायचा आणि मग आत निघून जायचा.

जून सरता सरता मी जवळजवळ थकलो होतो. फुटवा काढायलाही आत काहीतरी शिल्लक लागते. तेव्हाच जितेशच्या कंपनीने त्याला दूर दक्षिणेला, जुलैत पाऊस पडणाऱ्या सलालाहला पाठवले. तिथे बंदराजवळच्या माशांच्या शीतगृहाचे काम निघाले होते. निरोप सकाळी आला आणि गाडी दुपारी होती. त्याने बॅग भरली, शेजारचे दार वाजवले आणि भावनाच्या हातात किल्ली दिली.

“वहिनी, घरात एसी बंद असणार, म्हणजे झाडाला पाणी नाही. रोज संध्याकाळी तेवढं बघाल?”

“बघते की. आणखी काही?”

“आणखी काही नाही. यल्ला, निघतो, ड्रायव्हर खाली बोंबलतोय.”

फुटवे खुडायचे सांगायला तो विसरला. मी आज तुमच्याशी बोलतो आहे तो त्या विसरण्यामुळे.

सबंध जुलै आणि त्यानंतरही काही दिवस तो तिकडे सलालाहच्या धुक्यात आणि रिमझिमीत काम करत होता. इकडे भावना ऑफिसातून आली की एक तांब्या पाणी घालायची. मी एक फुटवा काढला. कोणी खुडला नाही. मी बिचकत दुसरा काढला. तोही राहिला. मग मी आयुष्यात प्रथमच स्वतःसाठी वाढलो. रूबी क्वीनच्या पानांहून माझी पाने साधी होती, पण गर्द हिरवी आणि जाड होती. फांद्या लांबल्या. एक दिवस त्यांच्या टोकाशी मला काहीतरी गोल, घट्ट असे जाणवले. ती कळी होती. मला कळ्या येतात, हे मला तेव्हा कळले.

जितेश परतला तो थेट बाल्कनीत आला. मागोमाग किल्ली द्यायला भावना आली होती.

“वहिनी, अहो हे काय! हे सगळे खुंटाचे फुटवे आहेत. काढायचे असतात हे.”

“मला पाणी घालायला सांगितलं होतं, जितेशभाऊ. पानं तोडायला नाही.” ती हसली. “आणि इतकं छान आलं होतं, मी कशाला हात लावू?”

ती गेल्यावर त्याने खिशातला चाकू काढला, पण आधी माझ्यावर चालवला नाही. वरच्या वाळक्या काडीची साल त्याने जरा खरवडली. झाड जिवंत असले तर सालीखाली हिरवे दिसते. तिथे तपकिरी होते. त्याने खाली खरवडले, मग आणखी खाली. जोडापर्यंत तपकिरीच होते.

“खलास,” तो म्हणाला, आणि बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिला. आकांक्षा चार दिवसांत येणार होती. मग त्याने भावाला फोन लावून आपला बेत सांगितला, म्हणून तो मलाही कळला. शुक्रवारी बरकाला जायचे, तसलीच लाल जास्वंद आणायची, याच कुंडीत लावायची, पट्टी तीच ठेवायची. आकांक्षाला कळणारही नाही. आणि मला खाली कचऱ्याच्या पेटीपाशी ठेवायचे.

बेत चांगला होता. पण गुरुवारी सकाळी तो कामावर गेल्यावर माझी पहिली कळी उमलली. ती कोणीच पाहिली नाही. माझे फूल एका दिवसाचे असते. संध्याकाळ होता होता ते मिटू लागते. आणि मिटताना त्याच्यावर गुलाबी छटा चढते. जितेश दमून घरी आला, दिवा न लावता बाल्कनीत आला आणि त्याला मावळत्या उजेडात ते चुरगळलेले, गुलाबीसर फूल दिसले.

तो मोठ्याने ओरडला, “तांबडा येता! अरे, तांबडा येता!”

त्याने तिथल्या तिथे भावाला फोन केला. कलम मेले तरी त्याचा रंग खुंटात उतरला, पहिले फूल आहे म्हणून फिके आहे, पुढचे लाल येईल, असे तो सांगत होता. असे कधी होत नाही. कोकणात वाढलेल्या, जन्मभर कलमे पाहिलेल्या माणसाला हे माहीत असायला हवे होते, आणि बहुधा माहीत होतेही. पण बरकाला जाणे रद्द झाले आणि मी वाचलो.

आकांक्षा आली. विमानतळावरून येतानाच त्याने तिला सांगून टाकले होते, की झाड जरा आजारी पडले होते पण आता लाल फूल धरते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासतच बाहेर आली. माझ्यावर एक फूल पूर्ण उमलले होते. पांढरेशुभ्र. मध्ये लांब गुलाबी तुरा, पण पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या.

“अहो!” तिने हाक मारली. “हे लाल आहे?”

जितेश येऊन उभा राहिला.

“रोज फोनवर मस्त मस्त म्हणत होतात! एक झाड सांगून गेले होते. एकच!” तिच्या डोळ्यांत पाणी आले. “मला नको हे. हे माझं झाड नाहीच.”

“तुझा नाही तर नाही,” जितेश हळूच म्हणाला. “नवीन आणू. पण माझा जीव घेऊ नकोस सकाळी सकाळी.”

नवे आणायचे ठरले खरे, पण सप्टेंबर आला तरी त्याला रविवार ते गुरुवार फुरसत नव्हती आणि शुक्रवारीही कोणाचा तरी एसी बंद पडलेला असायचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आकांक्षा मस्कतमधल्याच दार्सैतला देवळाजवळच्या दुकानात जाऊन लाल फुले घेऊन आली. पिशवीतली, थंडीत ठेवलेली, जराशी मलूल. चतुर्थीच्या सकाळी माझ्यावर दोन फुले होती. तिने सासूबाईंना, मीराबाईंना, देवगडला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

“आई, घरच्या झाडाला फूल आलंय, पण पांढरं. गणपतीला लाल लागतं ना? काय करू?”

पलीकडे गावच्या घरातली गडबड ऐकू येत होती. मीराबाई म्हणाल्या, “घरचा फूल ता घरचा गो. पांढरा म्हणान काय झाला? देव रंग बघता काय? आधी ता घाल, मगे इकतचा.”

आकांक्षाने माझी दोन्ही फुले खुडली. विकतची लाल फुले मूर्तीच्या पायाशी गेली आणि माझी दोन्ही कानांवर. त्या दिवसानंतर मला टाकून द्यायचा विषय कोणी काढला नाही. वरच्या वाळक्या काड्या जितेशने जोडाशी कापून टाकल्या. आणि शुक्रवारी चहा घेऊन बसला की तो आता माझ्या वाळलेल्या पानांखेरीज काही खुडत नसे.

पुढची वर्षे मी देवाचे झाड म्हणून काढली. घरात मला ‘पांढरी’ म्हणू लागले. कुंडीतली पट्टी मात्र तशीच राहिली, त्यामुळे नवा पाहुणा लाल फुलाच्या चित्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायचा. रोज सकाळी आंघोळ करून आकांक्षा बाहेर यायची, उमललेली सगळी फुले देठाशी धरून खुडायची आणि स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात नेऊन वाहायची. एकही मागे ठेवायची नाही. देवाला द्यायचे तर हात आखडता कशाला घ्यायचा, असे तिचे मत होते.

आता मित्रांनो, मुख्य गोष्ट सांगतो. माझ्या फुलाला वास आहे. मंद आहे, गोडसर आहे, सकाळी उमलताना सर्वांत जास्त असतो. पण जास्वंदीला वास नसतो हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, त्यामुळे कोणी माझ्यापाशी नाक आणायचे कारण नव्हते. आणि देवाला वाहायचे फूल हुंगायचे नसते, हेही सगळ्यांना ठाऊक असते. वास घेतलेले फूल उष्टे होते. आकांक्षा तर इतकी काटेकोर, की परडी छातीच्या वर येऊ द्यायची नाही. एकदा ज्ञानदाने फूल नाकाशी नेले तर तिने हातावर चापट मारून ते बाजूला ठेवले. “देवाचं आहे ना ते?” एवढेच ती म्हणाली. ज्ञानदाला तेव्हा सर्दी झालेली होती. देव्हाऱ्यात गेल्यावर उदबत्तीच्या धुरात माझे काय टिकणार? देवाला वास आला असेल तर तो काही बोलला नाही.

मला त्याचे दुःख होते असे म्हणणार नाही. पण फूल रोज काहीतरी घेऊन उमलते आणि ते रोज तसेच परत जाते, हे बरे वाटत नाही. एवढे खरे.

मग ओमानमध्ये दिवस पालटले. कंपन्यांची कामे कमी झाली, माणसे कमी झाली. २०१८च्या सुरुवातीला जितेशलाही नोकरी संपत असल्याचे सांगण्यात आले. अर्बाब म्हणजे त्याचा मालक वाईट माणूस नव्हता. मुलीची परीक्षा होईपर्यंत त्याने थांबू दिले. मार्चअखेरीस घर आवरायला सुरुवात झाली. सोफा गेला, फ्रीज गेला, भिंतीवरची घड्याळाची जागा तेवढी गोरी राहिली. माझे काय करायचे यावर चर्चा झालीच नाही. भावना म्हणाली, “मी नेते,” आणि सगळ्यांनी मान हलवली.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आकांक्षाने देव आवरले. मूर्ती आणि टाक मऊ कापडात गुंडाळले, डब्यात ठेवले, डबा बॅगेत गेला आणि बॅगेला कुलूप लागले.

सकाळी ती सवयीने बाहेर आली. आंघोळ झालेली, केस ओले. माझ्यावर फुले होती; मार्चमध्ये मी भरपूर फुलतो. तिने एक खुडले. आणि मग तशीच थांबली. आत वळून बघितले. ओट्याशेजारी देव्हाऱ्याच्या जागी नुसती फळी होती. हातातले फूल द्यायला घरात कोणी नव्हते.

ती ते फूल घेऊन कठड्याशी उभी राहिली. खाली रस्त्यावर शाळेच्या बसचा आवाज येत होता. मग तिने फूल वर उचलले आणि नाकाशी नेले.

मी कधी तिचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता.

“अहो,” ती म्हणाली. “अहो, इकडे या. ज्ञानदा! भावनाताईंना बोलाव.”

जितेश आला, त्याने वास घेतला. भावना ओढणी सावरत आली, तिने वाकून झाडावरच्याच फुलाचा वास घेतला आणि म्हणाली, “अगं बाई! ही जास्वंद आहे ना?” ज्ञानदा आता नववीला जाणार होती आणि तिच्याकडे फोन होता. सूटकेसवर बसून ती त्यात शोधू लागली.

“आई, ऐक ना. हिबिस्कसला युजुअली स्मेल नसतोच. असं लिहिलंय. फक्त हे हवाईचे जे व्हाइटवाले आहेत, त्यांनाच असतो. म्हणजे, कसं सांगू, ओन्ली तिथलेच नेटिव्ह. आणि त्यांना लोक खाली लावतात. ग्राफ्टिंगला. स्ट्राँग असतात म्हणून.”

“नाव काय लिहिलंय?”

ज्ञानदाने अडखळत वाचले, “कोकिओ केओकेओ.” पुन्हा वाचले. “केओकेओ म्हणजे व्हाइट. पांढरा.”

“मग आपण काय वेगळं म्हणत होतो?” आकांक्षा म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

माझे नाव मी असे पहिल्यांदा ऐकले. त्याच वेळी ज्ञानदाने बाकीचेही वाचून दाखवले. दूर समुद्रात बेटे आहेत, तिथल्या ओल्या डोंगरांवर माझे पूर्वज उभे आहेत, त्यातल्या काही जातींची आता थोडीच झाडे उरली आहेत. शास्त्रज्ञांनी मला स्कॉटलंडच्या कोण्या वनस्पतितज्ज्ञाचे नाव दिले आहे, ते तिला नीट म्हणता आले नाही. मी ती बेटे पाहिलेली नाहीत. पण आपण कुठले, हे कळल्यावर मुळांना बरे वाटते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

“घेऊन जाऊया ना हिला,” आकांक्षा जितेशला म्हणाली. “नाहीतर एक फांदी तरी. तुम्हाला येतं ना सगळं. काडी लावा गावी.”

जितेशने चाकू काढला. माझी एक कोवळी फांदी बोटांत धरली. बराच वेळ धरून ठेवली.

“एअरपोर्टवर काढून घेतील गो,” तो म्हणाला. “झाड न्यायला परवानगी लागते. कचऱ्यात टाकूक कित्याक कापू?” आणि त्याने चाकू मिटून खिशात ठेवला. त्या हाताने माझ्यावर धरलेला चाकू न चालवता परत नेला, असे तोवर एकदाच, तो सलालाहहून परतला त्या दिवशी, झाले होते, आणि तेव्हा ते माझ्यासाठी नव्हते.

खाली टॅक्सी आली. आकांक्षा दारातून दोनदा परत आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने काही केले नाही, नुसती माझ्यापाशी उभी राहिली. “इतकी वर्षं रोज हातात घेतलं रे तुला,” ती म्हणाली. जितेशने खालून हाक मारली आणि ती गेली.

मित्रांनो, तिने माझे काही वाईट केले नाही. मला पाणी घातले, कीड पुसली, माझी फुले तिला जे सर्वांत मोठे वाटत होते त्याच्या चरणी नेली. तरी तिला मी भेटलो तो निघायच्या दिवशी. तुमच्याकडेही कुंडीत, अंगणात कोणी ना कोणी असेल. त्याला पाणी द्याच, पण त्याचे नाव काय, ते मूळचे कुठले, हेही एकदा शोधा. खुडण्याआधी जरा थांबा. काही फुटवे नको असतात आणि काही फुटवे म्हणजेच ते झाड असते. देवाचे फूल हुंगा, असे मी सांगणार नाही. पण रोज एक फूल झाडावर राहू द्या आणि वेळ काढून त्याच्यापाशी जा.

आता मी भावनाच्या बाल्कनीत आहे. तीही सकाळी माझी फुले नेते, बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवते. एक मात्र मागे ठेवते. सुट्टीच्या दिवशी देवगडहून आकांक्षाचा फोन येतो. ख्यालीखुशाली होते, ज्ञानदाची नवी शाळा, जितेशची कणकवलीची नवी नोकरी. मग आकांक्षा विचारते, “आज उमललंय?”

“हो. एक ठेवलंय.”

“बघा ना जरा.”

भावना फोन हातात धरून माझ्याकडे येते, वाकते आणि सावकाश श्वास घेते.

“घेतला,” ती सांगते.

“अजून एकदा घ्या,” आकांक्षा म्हणते.